वाहाकाला गेलं तर जेवायचं कुठे?

परगावी गेलं की भूक लागल्यावर पहिला प्रश्न पडतो, खायचं कुठे? पाटी चकचकीत दिसते तिथे, की चार माणसं उभी दिसतात तिथे? आज आपण हा प्रश्न घेऊन थेट मेक्सिको देशात जाऊ या. शहराचं नाव आहे वाहाका. स्पेलिंग बघून कुणी ओक्साका म्हणेल, पण तिथली माणसं वाहाका म्हणतात.

हे शहर मेक्सिकोच्या दक्षिणेला डोंगरांमधल्या खोऱ्यात आहे. हवा उबदार, ऊन लख्ख. स्पॅनिश लोकांनी 1532 साली त्याला शहराचा दर्जा दिला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे झापोतेक आणि मिश्तेक लोक राहत आले आहेत. आजही बाजारात त्यांच्या भाषा कानावर पडतात. जुनं शहर 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते बघायला बाहेरून खूप लोक येतात, म्हणून महागडी हॉटेलंही भरपूर आहेत. पण वाहाकाचं खरं जेवण मिळतं बाजारात, आणि ते बहुतेक बायकांच्या हातचं असतं.

शहराच्या मुख्य चौकाजवळ दोन मंडया आहेत. एक बेनितो हुआरेझ मंडई. हा झापोतेक घरातला मुलगा पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या नावाच्या मंडईत भाजी, चीज, मिरच्या आणि लसूण-लिंबू लावून भाजलेले नाकतोडे विकायला असतात. हो, नाकतोडेच! आपण फुटाणे खातो तसे तिथे ते खातात.

शेजारीच 20 नोव्हेंबर मंडई. 1910 सालच्या क्रांतीची तारीख तिच्या नावात आहे. तिथे ओळीनं छोट्या खाणावळी आहेत. सकाळी जावं आणि गरम चॉकलेट मागावं. पाण्यात किंवा दुधात ते उकळून लाकडी रवीनं घुसळतात. आपण ताक करताना रवी दोरीनं फिरवतो, त्या बायका ती दोन तळव्यांत धरून फिरवतात. वर फेस आला की त्यात अंड्याचा मऊ पाव बुडवून खायचा.

दुपारी त्याच मंडईत धुरानं भरलेली एक गल्ली गाठावी. तिथे मांस वजनावर घ्यायचं, ते समोरच निखाऱ्यावर भाजून देतात. पोळ्या एकीकडून, कांदा आणि चटणी दुसरीकडून, असं ताट जमवायचं. एका गिऱ्हाइकाचे पैसे तीन-चार घरांत जातात.

मोले नेग्रो म्हणजे काळी आमटी, तीही इथे खावी. मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजतात. मग तीळ, दाणे, मसाले, केळं आणि थोडं चॉकलेट घालून सगळं वाटतात. काळा मसाला भाजताना आपल्याला जसा ठसका लागतो, तसाच त्यांनाही लागत असणार.

ऊन फार झालं की तेहाते प्यावं. मका, कोको, मामे नावाच्या फळाची बी आणि एक सुवासिक फूल वाटून त्याचा गोळा करतात. मग मोठ्या मातीच्या परातीत बाई कोपरापर्यंत हात घालून तो पाण्यात कालवत राहते, तेव्हा वर पांढरा फेस जमतो. शहराजवळच्या वायापाम गावच्या बायका यासाठी प्रसिद्ध आहेत.

रात्री रस्त्याकडेला निखारे पेटतात आणि त्लायुदा मिळतो. ही परातीएवढी, पातळ, कडक मक्याची पोळी. तिच्यावर घेवड्याचं वाटण, कोबी आणि तारांसारखं सुटणारं चीज.

शाकाहारी बायकांनी मात्र इथे सांभाळावं. त्लायुदाला बहुधा डुकराची चरबी लावतात, घेवड्यातही ती असू शकते. तासाहो म्हणजे गोमांस. म्हणून आधीच सांगावं, ‘सिन आसिएन्तो, सिन कार्ने’. म्हणजे चरबी नको, मांस नको.

आता मुद्द्याची गोष्ट. चांगली जागा ओळखायची कशी? पोळी बघून. मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि तसाच भिजत ठेवतात. सकाळी तो धुतात, साल सुटते, मग ओला मका पाट्यावर नाहीतर गिरणीत दळतात. याला निश्तामाल म्हणतात. यानं पीठ चिकट होतं, पोळी तुटत नाही आणि चुन्यातलं कॅल्शियमही मिळतं. शिवाय मक्यातलं नियासिन नावाचं जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपात मका गेला, पण ही रीत गेली नाही. तिथे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा रोग झाला. कातडी सोलायची, जुलाब लागायचे, डोकं भ्रमायचं. मेक्सिकोच्या बायकांची रीत म्हणजे नुसती चव नव्हती. (भिंतीचा चुना घालून घरी करून बघू नका हं. खायचा चुना वेगळा असतो.)

पण ही मेहनत रात्रीपासूनची आहे, आणि पाकिटातलं कोरडं पीठ पाच मिनिटांत मळता येतं. त्यातच 1994 साली अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार लागू झाला आणि तिकडचा स्वस्त मका देशात येऊ लागला. डोंगरातल्या छोट्या शेतकऱ्याला भाव मिळेना. याच वाहाकाच्या खोऱ्यातल्या एका गुहेत सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली आहेत. पांढरा, पिवळा, लाल, निळा असा गावरान मका तिथे अजून पिकतो. तो टिकतो कशानं? कुणीतरी बी राखलं, कुणीतरी तो भिजवून दळला आणि कुणीतरी त्याची पोळी विकत घेतली म्हणून.

म्हणून वाहाकात जेवायला बसण्याआधी एवढंच विचारावं, पीठ पाकिटातलं की भिजवलेल्या मक्याचं? भिजवलेल्या मक्याचं म्हटलं की बसावं. तव्यावरून गरम पोळी घ्यावी आणि सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत.

आपल्यापैकी फार थोड्या जणी वाहाकाला जातील. पण आपल्यातल्या कितीतरी जणी जत्रेत, बाजारात भाकरी विकतात. गिऱ्हाइकानं तुम्हाला विचारलं, ‘ज्वारी कुठली?’, तर सांगा त्याला. शेताचं नाव सांगा, दळण कधी केलं तेही सांगा. आणि आपण बाहेर जेवायला गेलो, तर आपणही विचारू या.