सुई नको, गोळी द्या की!

दवाखान्यात सुई दिसली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मागणी रास्तच आहे. मग डॉक्टर ऐकत का नाहीत?

चला, उसाच्या फडात जाऊ. तोडणी जोरात चाललीय, पाल्याखाली घोणस दडून बसलीय आणि कुणाचा तरी पाय नेमका तिच्यावर पडतो. चावली! अशा माणसाला तडक कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात आणतात. (जखम चिरायची नाही, चोखायची नाही, पाय हलवायचा नाही. मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही.) तिथे मिळतं प्रतिविष. ते बनवायला घोडा लागतो! घोड्याला अगदी थोडं थोडं विष टोचत गेलं, की त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रथिनं तयार होतात. ती वेगळी काढून, वाळवून कुपीत भरतात. दवाखान्यात ही पूड पाण्यात विरघळवतात आणि साधारण ८ ते १० कुप्या सलाइनमधून थेट शिरेत सोडतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच बरं का! समोर पोर आहे म्हणून सापाने विष काही कमी सोडलेलं नसतं.

मग या प्रतिविषाची गोळी का करत नाहीत? पोटामुळे. औषध आणि उकडलेलं अंडं यांतला फरक पोटाला कळत नाही. दोन्ही प्रथिनंच, त्यामुळे आम्ल आणि पाचकरस मिळून दोघांचेही बारीक तुकडे करून टाकतात. इन्सुलिनचंही तेच होतं. १९२२ साली टोरांटोत मधुमेहाच्या रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं, तेही सुईनेच. आजही रोजचं इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत टोचतात, तिथून ते हळूहळू रक्तात उतरतं. सापाच्या विषाशी गाठ असेल तर मात्र एवढा धीर कुठला! शिरेत सोडलेलं औषध रक्ताबरोबर साधारण एका मिनिटात अंगभर फिरून येतं.

बरं, पोटातून धडधाकट सुटलेल्या औषधालाही पुढे मोकळा रस्ता नसतोच. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. तो टोलनाकाच समजा. तापाची पॅरासिटामॉल थोडासा टोल भरून पुढे सटकते. पण छातीत कळ आल्यावर घ्यायची नायट्रोग्लिसरीनची गोळी गिळली, तर यकृत तिचा जवळजवळ फडशाच पाडतं. म्हणून ती जिभेखाली ठेवतात. तिथलं रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे जातं आणि काही मिनिटांतच आराम पडतो.

दम्याच्या पंपाचा हिशोब तर मला फारच आवडतो. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात औषध असतं १०० मायक्रोग्रॅम. मोठ्यांसाठी याच औषधाची गोळी असते ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४० पट! गोळीतलं औषध अंगभर हिंडतं, हात थरथरवतं, छाती धडधडवतं आणि मग त्यातलं थोडंसं फुप्फुसात पोचतं. फवारा सरळ तिथेच जातो.

आणि पोलिओचे दोन थेंब? ते मुद्दाम तोंडातूनच देतात, कारण पोलिओचा विषाणू मुक्काम ठोकतो आतड्यात. थेंबांतला दुबळा केलेला विषाणूही तिथेच जातो आणि आतड्याला आधीच सावध करतो. डाव्या करंगळीवर शाईची खूण करत करत आपण हा रोग देशातून घालवला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

तरी पोटाला चकवायचे प्रयत्न चालूच आहेत. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं औषध प्रथिनांच्याच कुळातलं. शास्त्रज्ञांनी त्याच्या जोडीला एक रक्षक पदार्थ देऊन त्याची गोळी बनवली, २०१९ मध्ये तिला अमेरिकेत परवानगीही मिळाली. ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काही खायचं नाही. एवढे लाड करूनही त्यातलं एक टक्कासुद्धा औषध रक्तात पोचत नाही. सुईने हेच औषध आठवड्यातून एकदा टोचतात, अर्धा किंवा एक मिलिग्रॅम. गोळी मात्र रोज घ्यायची, तीही १४ मिलिग्रॅमपर्यंत. आता करा हिशोब, आठवड्याला पोट किती खातं!