वैशाखातील बरणी, आषाढातील ताट

गेल्या आषाढात आमच्या धर्मग्रामातील एका आजारी वृद्धास भेटावयास आम्ही गेलो होतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस जांबोटी-कणकुंबीकडील त्या दिवसांचे वर्णन करावयास नको. निघण्याच्या वेळी त्या घरच्या माउलीने आम्हांस जेवावयास थांबविले. ताटात भात, आमसुलाचे सार, मिठाच्या पाण्यातील कैरीची चटणी आणि फणसाच्या आठळ्या घालून केलेली लाल भोपळ्याची भाजी होती. "फादर, बाजारची भाजी नाही घरात, गोड मानून घ्या," असे ती संकोचाने म्हणाली. आम्हांस मात्र तिच्या संकोचाचे नवल वाटले. कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका घरी दुकानदाराची उधारी वाढल्याची रडकथा आम्ही ऐकली होती. आणि त्याच घराच्या परसात मे महिन्यात फणस व कोकमे कुजत पडलेली आम्ही स्वतः पाहिली होती. दोन्ही घरची जमीन सारखी, झाडेही सारखीच. उणे होते ते वैशाखातील पंधरा दिवसांच्या कामाचे.

या कामात आम्ही पहिला मान कोकमास देऊ. फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकते आणि वळवाचा पाऊस लागला की हातचे जाते, म्हणून येथे आळस चालत नाही. पिकलेले फळ धुऊन, पुसून, दोन भाग करून बिया व गर वेगळा काढावा. गरात मीठ घातले म्हणजे रस सुटतो. त्या रसात साली बुडवून उन्हात घालाव्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवाव्या, पुन्हा वाळवाव्या. असे पाच-सहा वेळा केले म्हणजे साल काळसर व चिवट होते. हेच आमसूल. साली आणि मीठ यांचे थर बरणीत देऊन जो रस सुटतो ते आगळ. बियाही टाकू नयेत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या म्हणजे वर तेल तरंगते व निवल्यावर त्याचा पांढरा गोळा बनतो. आमची कोंकणी माणसे त्यास भिरंडेल म्हणतात. चिखलात राबून भेगाळलेल्या टाचांस त्यासारखे दुसरे औषध आम्हांस ठाऊक नाही.

लाल भोपळ्यास तर बरणीही लागत नाही. जानेवारीत न्हाणीच्या सांडपाण्यावर वेल लावावा, फळ पुरते पिकू द्यावे आणि देठासकट कापून सुंभाने आढ्यास टांगावे; दोन-तीन महिने सहज टिकते. देठ मोडलेला किंवा खरचटलेला भोपळा मात्र आधी खावा. आठळ्या मातीत माखून कोरड्या जागी ठेवाव्या. कोहळ्याचे सांडगे आणि भरून वाळविलेल्या मिरच्या आमच्या भगिनींस आम्ही काय शिकवावे!

लोणच्याविषयी मात्र दोन शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांस फजितीने मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमचे मीठ कमी केले. आम्ही शहाणपणाने स्वयंपाक्यास बजावले की, लोणच्यातही मीठ निम्मेच घाल. ऑगस्ट उजाडण्यापूर्वी बरणीवर पांढरी बुरशी चढली आणि सारे लोणचे उकिरड्यावर गेले. लोणच्यातील मीठ जिभेसाठी नसते, राखणीसाठी असते. एक किलो फोडींस दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ हवेच. ज्यास मीठ वर्ज्य आहे त्याने लोणचे कमी खावे, मीठ कमी घालू नये. बरणी कोरडी, चमचा कोरडा आणि फोडींवर तेलाचा थर, हेही तितकेच महत्त्वाचे.

आता एक धोक्याची सूचना. बाटलीत बंद करून उकळत्या पाण्यात अन्न टिकविण्याची रीत फ्रान्समधील निकोला आपेर यांनी शोधली व 1810 साली तेथील सरकारकडून 12,000 फ्रँकचे बक्षीस मिळविले. ती रीत पाहून हल्ली काही घरी घेवडा, वाटाणे, मक्याचे दाणे साध्या पाण्यात उकळून बाटलीत भरू लागले आहेत. हे कदापि करू नये. बॉट्युलिझम नावाची प्राणघातक विषबाधा घडविणाऱ्या जंतूंची बीजे मातीत असतात. ती साध्या उकळीने मरत नाहीत आणि हवा नसलेल्या बाटलीत वाढून विष निर्माण करतात. त्या विषाचा वास किंवा चव येईलच असे नाही. कैरी, कोकम, लिंबू यांच्या आंबटपणात त्यांचे काही चालत नाही, मुरांब्यात साखर त्यांस रोखते आणि वाळवणात पाणीच उरत नाही. शेंगभाजीस यांपैकी एकही राखणदार नाही. ती वाळवावी, नाहीतर ताजीच खावी.

त्या उधारीच्या घरातील गृहस्थ मागील रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे कोकमाचे रोप मागावयास आले होते. आम्ही त्यांस कलम घ्या म्हणून सांगितले. कोकमात नर व मादी झाडे वेगळी असतात. बीपासून केलेले रोप सहा-सात वर्षे वाढवून फुलल्यावर ते नर निघाले, तर फळांची आशाच संपली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण अमृता' जातीचे मादी कलम मिळाल्यास उत्तम. खड्डे मे महिन्यात खणून ठेवावे, कलम पहिल्या पावसात लावावे. त्यांच्या परसातील विहिरीजवळची जागा आम्ही उद्या पाहून येणार आहोत.