सनद हाती येण्याआधी

सनद नसलेल्याला वकिली करता येत नाही, हे १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानं स्पष्ट केलं आहे. त्यामुळे लॉच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलानं मोफत विधी सेवेच्या कामाला जायचं म्हटलं की घरचे सांगतात, ‘आधी शिकून घे, मग बघू.’ मला हे पटत नाही. गरीब पक्षकाराचं काम बऱ्याचदा युक्तिवादापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या कितीतरी आधी अडतं. तिथे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा उपयोगी पडतो.

मोफत विधी सेवेची हमी घटनेच्या ३९ अ अनुच्छेदात आहे. त्यासाठीचा कायदा १९८७ मध्ये झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. पण किती बायकांना हे ठाऊक असतं? नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई वकिलाची फी कुठून आणायची या काळजीनं वर्षानुवर्षं माहेरी बसून राहते. तुला वकील मिळतो, अर्ज तालुक्याच्या कोर्टात द्यायचा, एवढं तिला सांगायला पदवी लागत नाही.

अशी बाई पोटगीसाठी विधी सेवा केंद्रात आली की पिशवीतून कागदांचा गठ्ठा निघतो. त्यात रेशनकार्ड, लग्नाची पत्रिका, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची चुरगळलेली पोच असते. ‘घर कधी सोडलंत?’ असं विचारलं तर तारीख सांगता येत नाही. ‘पंचमीला माहेरी आले, मग त्यांनी नेलंच नाही. धाकटी तेव्हा बालवाडीत होती.’ मग मुलीचा जन्मदाखला बघायचा, ती बालवाडीत कोणत्या साली होती ते काढायचं, त्या वर्षीची नागपंचमी कॅलेंडरवर शोधायची. पोचपावतीवरच्या तारखेशी ते जुळतं का तेही पाहायचं. तासाभरानं पानभर तारीखवार घटनाक्रम तयार होतो आणि प्रत्येक घटनेपुढे तिच्या पुराव्याचा कागद लागतो. नेमलेल्या वकिलाच्या हाती असं पान पडलं तर अर्ज नेमका होतो. विद्यार्थ्यालाही पुराव्याचा कायदा काय मागतो ते इथेच कळतं. शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलाची भाषा अजून कोर्टाची झालेली नसते, म्हणून बाई त्याच्याशी मोकळेपणानं बोलते. ही मोठी जमेची बाजू आहे.

मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळायला हवी. ‘केस जिंकू ना हो?’ असं विचारलं की ‘वकीलसाहेबांना विचारून सांगतो’ एवढंच म्हणायचं. आपल्या मनानं सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही आणि पक्षकाराचा फोटो तर अजिबात काढायचा नाही.

तुरुंगातलं काम याहून निकडीचं आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या पोलीस कोठडीत स्त्रियांना झालेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. तेव्हा न्यायालयानं कैदी स्त्रियांशी बोलण्याचं काम सोपवलं ते निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांवर. त्यातूनच १९८३ चा निकाल आला. अटक झाल्याची खबर पोलिसांनी लगेच विधी साहाय्य समितीला द्यावी, असं त्यात सांगितलं आहे. आजही देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. काहींना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही म्हणून ते आतच राहतात. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये बजावलं. सचिव मग अशा कैद्याला भेटायला विधी स्वयंसेवक पाठवू शकतात. घरी कोण आहे, कमावतं कोण, पूर्ण रक्कम भरणं शक्य आहे का, ही माहिती गोळा झाली की अट शिथिल करण्याची विनंती न्यायालयाला करता येते.

हा विधी स्वयंसेवक कायद्याचा विद्यार्थी असू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत वकील म्हणून नोंदणी होईपर्यंत त्याला ही मुभा आहे.

महाविद्यालयांनी हे काम मनावर घ्यायला हवं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र असणं बंधनकारक आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, आणि ती स्वयंसेवी संस्थेतही करता येते. वर्षातून एक शिबिर, बॅनर आणि प्रमाणपत्रं एवढ्यावर हे केंद्र चालवणं म्हणजे नियमाची बोळवण आहे. आठवड्यातून एक ठरलेली दुपार, हजर असणारा प्राध्यापक आणि सोबत एक अनुभवी वकील, इतकं तरी प्राचार्यांनी वेळापत्रकातच बसवावं.

विद्यार्थ्यांनी कॉलेजची वाट पाहत बसू नये. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विधी स्वयंसेवकांची निवड कधी होते ते विचारावं, अर्ज करावा. ज्यांना मदत हवी आहे त्यांच्यासाठी १५१०० हा टोल-फ्री क्रमांक आहे.