शिक्षकाचे शब्द आणि हावभाव

परकी भाषा बोलू लागलेल्या मुलाला व्याकरणापेक्षा चारचौघांत चुकण्याचे भय अधिक वाटते. हे भय वाढविणे किंवा घालविणे बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हाती असते.

छत्तीसगढमधील रायपूर शहराचे उदाहरण घेऊ. येथील पुष्कळ मुलांच्या घरी छत्तीसगढी बोलली जाते, बाजारात हिंदी चालते, तर काही घरांत ओडिया किंवा मराठी असते. या राज्यात 2020 मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा सुरू झाल्या. घरात जी भाषा कानांवर पडत नाही, तिच्यात उत्तर देण्याची वेळ त्यामुळे अनेक मुलांवर आली. अशा मुलाला इंग्रजी बोलण्यासाठी बहुधा वर्ग ही एकच जागा असते.

समजा, काल कोठे गेली होतीस, या प्रश्नाला एखादी मुलगी उत्तर देते, 'यस्टर्डे आय गो टु बूढा तालाब.' शिक्षकाने तत्काळ 'चूक' म्हटले, तर काहीतरी चुकले एवढेच तिला कळते आणि ती खाली बसते. याउलट, 'ओ, यू वेंट टु बूढा तालाब! हू वेंट विथ यू?' असे शिक्षक म्हणाला, तर योग्य रूप तिच्या कानी पडते व संभाषणही पुढे चालते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. कॅनडातील मुलांच्या फ्रेंच भाषेच्या वर्गांचा अभ्यास लिस्टर व रांटा यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा हीच पद्धत योजतात, परंतु तिच्यामुळे मुले स्वतःचे वाक्य सुधारतात असे क्वचितच घडते, असे त्यांना आढळले.

येथे हावभाव उपयोगी पडतात. शिक्षक वाक्यातील एकेक शब्द बोटांवर मोजतो, 'गो'च्या बोटाशी थांबतो आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवितो. भूतकाळाची ही खूण वर्गाला आधी शिकविलेली असली, तर मुलगी आपण होऊन 'वेंट' म्हणते. चूक तिची, तशी दुरुस्तीही तिचीच ठरते.

मात्र त्यासाठी थांबावे लागते. विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण करताना मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला असे दिसले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी 1 सेकंदच थांबतात. हा अवधी 3 सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि आपण होऊन बोलणारी मुले वाढली. परक्या भाषेत शब्द शोधणाऱ्याला तर हा अवकाश अधिकच हवा.

शिक्षकाची नजरही बोलत असते. आपल्याकडे खाली पाहणे हे पुष्कळदा आदराचे लक्षण असते. ते अज्ञान समजू नये. एखाद्या मुलाने तळ्याला 'तरिया' हा घरचा शब्द वापरला आणि वर्ग हसला, तर शिक्षकाने हसू नये. मान डोलावून तो शब्द स्वीकारावा, 'पाँड' हा शब्द त्याच्या शेजारी ठेवावा आणि पुढचे वाक्य ऐकण्यासाठी थांबावे. ज्याचे ऐकले जाते, तोच पुन्हा बोलतो.