गच्चीवरच्या पत्र्याचं कवच
ठाण्यात माजिवड्याच्या उड्डाणपुलावरून जाताना आजूबाजूच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर निळ्या-हिरव्या पत्र्यांच्या शेड दिसतात. गळती थांबवायचा सोसायट्यांचा हा हुकमी उपाय. पण पावसाशी आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्याशी खरी झुंज देतो तो रंगाखालचा, जेमतेम 20 मायक्रॉनचा धातूचा लेप.

जुन्या जस्ती पत्र्यावर हा लेप जवळपास निव्वळ जस्ताचा असे. आताच्या ‘गॅल्व्हल्यूम’मध्ये वजनाने 55 टक्के अॅल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि 1.6 टक्के सिलिकॉन असतं. अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने 1972 मध्ये तो बाजारात आणला. माजिवड्यावरून जाणाऱ्या नाशिक महामार्गाने वासिंदला गेलं, की आपल्याच जिल्ह्यात जेएसडब्ल्यूचा लेपित पत्र्यांचा कारखाना लागतो.

अॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. लोखंडाच्या गंजासारखा तो सुटून पडत नाही आणि खरवडला तरी पुन्हा धरतो. मग निव्वळ अॅल्युमिनियमच का नाही लावत? अडचण येते ती कापलेल्या कडेला आणि स्क्रूच्या भोकाशी. तिथे पोलाद उघडं पडतं. पापुद्र्याआड बसलेलं अॅल्युमिनियम तिथे फारसं कामी येत नाही. जस्त मात्र आधी स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. सिलिकॉन चिमूटभरच, पण त्याच्यावाचून सगळं बिघडेल. वितळलेलं अॅल्युमिनियम लोखंडाशी इतक्या जोमाने संयोग पावतं, की दोघांच्या मध्ये जाड, ठिसूळ थर तयार होतो आणि पत्रा वाकवताच लेप तडकतो. सिलिकॉन या संयोगाला लगाम घालतं. गाड्यांच्या तापणाऱ्या सायलेन्सरसाठी तर जस्त वगळून अॅल्युमिनियम-सिलिकॉनचाच लेप वापरतात.

पत्रा घेताना आपण रंग आणि जाडी विचारतो, लेपाचं वजन विचारतच नाही. ते विचारायलाच हवं. ‘एझेड 150’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम लेप. कारागिराला ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. कडेचा लेप जळतो आणि ठिणग्या रंगात रुततात. पहिल्या पावसानंतर नव्याकोऱ्या पत्र्यावर दिसणारे तांबूस ठिपके अनेकदा या ठिणग्यांचे किंवा न झाडलेल्या ड्रिलच्या किसाचे असतात. आणि कठड्याला लागून पत्र्याची फट ओल्या सिमेंटने बुजवू नका. सिमेंटमधला अल्क अॅल्युमिनियमचा पापुद्रा विरघळवतो, म्हणून त्या जागी सिलिकॉन सीलंटच भरून घ्या.