व्यक्ती आणि सत्ता (लेखांक ६) : नकार हाच गुन्हा

मागच्या लेखांकात १८६२च्या महाराज लायबल खटल्यात विचारांच्या जोरावर माणसे बांधून ठेवणारा समोर दिसत होता. त्याला गादी होती, हवेली होती, भक्त होते. पत्रकार करसनदास मूळजींना निदान कुणाविरुद्ध लिहायचे ते ठाऊक होते. या वेळचा बांधणारा तसा सापडत नाही. तो कधी ‘समाज’ होतो, कधी ‘धर्म’, कधी ‘देशाचे हित’, आणि त्याच्या वतीने बोलणारे स्वतःसाठी काहीच मागत नसल्याचे भासते. अशा विचारामागची सत्ता ओळखायची कशी? तो जुना की नवा, देशी की परका, यावरून ती ओळखता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. ज्या एका माणसावर तो विचार राबवायचा, त्याने ‘नाही’ म्हटले तर त्याचे काय होते, एवढेच पाहावे.

गिरगावात वाढलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाचत-शिकत मोठ्या झाल्या. १८८४ साली दादाजींनी बायकोचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५मध्ये तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या हे सगळ्यांना माहीत असते. त्या कोर्टात नेमक्या कशाला ‘नाही’ म्हणाल्या, याकडे मात्र लक्ष जात नाही.

कारण तिथेच या प्रकरणातली खरी गंमत आहे, आणि ती फारशी हसण्यासारखी नाही. बायकोला कोर्टामार्फत नांदायला आणण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता, आणि पिन्हेंनी निकालात तसे स्पष्ट सांगितले होते. त्यातही कहर असा, की हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४मध्येच काढून टाकली होती. म्हणजे १८८७मध्ये लंडनच्या बाईला ज्यासाठी कैद होऊ शकत नव्हती, त्यासाठी गिरगावच्या बाईला होऊ शकत होती; आणि या विलायती उपायाच्या रक्षणासाठी उभे राहिले ते स्वधर्माचे कैवारी. टिळकांच्या बाजूच्या लेखणीला रखमाबाईंच्या नकारात हिंदू धर्मावरचे संकट दिसले. कोणता हिंदू धर्म? रखमाबाई सुतार जातीच्या. त्यांच्या जातीत विधवेचा पुनर्विवाह रूढ होता, त्यांच्या आईनेही दुसरे लग्न केले होते. एका जातीची रीत सगळ्यांचा धर्म म्हणून सांगायची, तिच्यात परक्यांचा कायदा मिसळायचा आणि वर ‘आमची परंपरा’ असे नाव द्यायचे, हे जमते, कारण मुद्दा परंपरेचा नसतोच. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे ठरवण्याचा हक्क कुणाच्या हाती राहणार, हा असतो.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप असा, की इंग्रज सरकारही सत्ताधारीच होते. सुधारणेच्या नावाने त्याला घरात शिरू द्यावे काय? १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा टिळकांनी हाच प्रश्न केला, आणि तो खोटा नव्हता. परक्या राज्यालाही उपकाराची भाषा सोयीची असते. पण रखमाबाईंच्या खटल्यात सरकार कुठे उभे होते ते पाहा. कैदेचा कायदा सरकारचा, हुकूम सरकारच्या न्यायाधीशाचा. परके राज्य आणि स्वकीय रूढी यांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत होते: बाईला विचारायचे नाही. आगरकरांना ही गाठ दिसली होती. मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या या माणसाने ऑक्टोबर १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला, वर्षभराने ‘सुधारक’ काढला आणि विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली.

दुसरा आक्षेप परळ-लालबागकडून येतो आणि तो मला अधिक अडचणीचा वाटतो. गिरणीतला एकटा कामगार मालकापुढे काय करणार? ‘तू स्वतंत्र आहेस, पगार पटत नसेल तर सोडून जा’ हेही व्यक्तिवादाचेच बोलणे, आणि ते मालकाच्या सोयीचे. खरे आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा विचारही हत्यार म्हणून वापरता येतो. पण म्हणून संघ आपोआप निर्दोष ठरत नाही. जास्त पगाराच्या साचा (विणकाम) खात्यात दलितांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ होई. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी यावर बोट ठेवले. तरी हेच आंबेडकर १९३८मध्ये कम्युनिस्टांबरोबर उभे राहिले. मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकात अनेक संप बेकायदा ठरत होते आणि त्यांना कैदेची शिक्षा होती. आंबेडकरांचा युक्तिवाद असा, की काम सोडणे हा फार तर कराराचा भंग. त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला गुलाम करणे. ७ नोव्हेंबरला गिरणगावात त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. गिरणीत न जाणारा कामगार आणि नवऱ्याच्या घरी न जाणारी रखमाबाई यांच्यापुढे एकच दार उघडे ठेवले होते, तुरुंगाचे. संघ आणि व्यक्ती यांचे भांडण इथे मिटते, कारण स्वेच्छेने केलेला संप म्हणजे हजारो माणसांनी एकाच वेळी दिलेला आपापला नकारच.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी गाव हा नव्हे तर व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. सात वर्षांनी हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमात नांदायला येण्याचा तोच हुकूम बसला. आता कैद नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इंग्लंडने हा उपाय १९७०मध्ये मोडीत काढला. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विवाहसंस्था टिकावी म्हणून ते कायम केले. रखमाबाई वारल्या १९५५मध्ये, हा कायदा झाला त्याच वर्षी.