१ जून : अर्ध्या गावाचा वाढदिवस

आज १ जून. सकाळपासून गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केक आणि पुष्पगुच्छांचा पाऊस पडतोय. चाळिशी-पन्नाशीच्या पुढची निम्मी माणसं आजच जन्मलेली! हा योगायोग नाही, शाळेतल्या गुरुजींची करामत आहे.

पूर्वी बाळंतपण घरीच व्हायचं. नोंद करायला कोण जाणार? आईला विचारलं तर 'दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या आधी' एवढंच उत्तर. पोरानं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला, की झालं सहा वर्षांचं! शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजी रजिस्टरला १ जून टाकून मोकळे व्हायचे.

या दिवसाच्या खऱ्या नोंदीही कमी नाहीत. १९२९ मध्ये याच दिवशी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि अभिनेत्री नर्गिस यांचा जन्मही त्याच दिवशीचा. १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. केरळात मान्सून येण्याची सरासरी तारीख हीच. २००१ पासून १ जून जागतिक दूध दिन म्हणून पाळतात. २०१७ ला मात्र पुणतांब्यातून उठलेला शेतकरी संप याच दिवशी सुरू झाला आणि दूध दिनालाच दूध रस्त्यावर ओतलं गेलं.

गुरुजींनी टाकलेली तारीख मात्र जन्मभर चिकटते. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना ५८ व्या वर्षी, त्या महिन्याच्या शेवटी निवृत्ती. पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्याच महिन्यात. म्हणून ३१ मे ला निरोप समारंभांची रांग लागते. त्याच सालच्या दिवाळीत जन्मलेल्याचा पाच महिन्यांचा पगार कागदापायी जातो. श्रावणबाळ योजनेला वय ६५ लागतं. कागदावर वय कमी लागलेल्या म्हाताऱ्याला तोवर थांबावंच लागतं.

नव्या पिढीला हा घोळ परवडणारा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा प्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, त्यानंतर विलंब शुल्क आणि हेलपाटे. बाळ दवाखान्यात झालं असेल तर नोंद झाल्याची खात्री करा, घरी झालं असेल तर ग्रामपंचायतीत कळवा. दाखल्यावरचं आई-वडिलांचं नाव तिथंच वाचून घ्या.

बाकी आजच्या सर्व कागदोपत्री वाढदिवसवाल्यांना मनापासून शुभेच्छा!